ऋतू सरतानाचा दमट उकाडा: अंग, झोप, पुस्तकांचं कपाट आणि वाचनाची निवड

दवबिंदू (धागाकर्ता)

उन्हाळा उतरणीला लागला तरी सल्ले ऐन कडाक्यातलेच फिरत राहतात. खिडक्या सताड उघड्या ठेवा, कूलर लावा, दिसेल तेव्हा पाणी प्या. यातले निम्मे या दिवसांत कामाचे नसतात, काही तर अंगलट येतात. पारा थोडा उतरलेला असतो, पण हवेतलं बाष्प चढलेलं असतं आणि खरा जाच त्याचाच होतो.

हिशोब बघा. ३८ अंश सेल्सिअस आणि २० टक्के आर्द्रता असताना ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यावर धरलेला तापमापक साधारण २१ अंश दाखवतो. ३२ अंश आणि ७० टक्के असताना तोच २७ च्या पुढे जातो. म्हणजे ६ अंशांनी 'गार' असलेल्या दिवशी घाम वाळायला वावच कमी. १ लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. ओघळून खाली पडला तर गारवा काहीच नाही, मीठ आणि पाणी मात्र गेलंच.

म्हणून या मोसमातली सगळ्यात उपयोगी वस्तू कोणती, तर माझं मत साध्या डिजिटल आर्द्रतामापकाला. दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानापर्यंत गार झाली की तिच्यातल्या बाष्पाचं दव होऊ लागतं तो अंश, काढायचा आडाखाही सोपा आहे: १०० मधून आर्द्रता वजा करा, ५ ने भागा, आलेला आकडा तापमानातून वजा करा. ३२ अंश आणि ७० टक्क्यांना ३० भागिले ५ म्हणजे ६, दवबिंदू २६. हा आडाखा आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असतानाच वापरायचा, कोरड्या हवेत तो फसतो. दवबिंदू २० च्या आत असला तर बरं वाटतं, २४ ओलांडला की बहुतेकांना चिकचिक नकोशी होते.

जाणकारांनी भर घालावी. अंगाची काळजी आणि पुस्तकांची, दोन्ही इथे चालेल, कारण आकडा एकच बघायचा आहे. शेवटी या दिवसांत वाचायचं काय, तेही येऊ द्या.

मोजपट्टी

यंत्र आणल्यावर आधी पडताळून घ्या. साधी यंत्रं ५ टक्क्यांनी सहज चुकतात. मिठाची चाचणी घरी होते.

बाटलीच्या झाकणात खायचं मीठ भरा आणि थेंब थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. वर पाणी तरंगता कामा नये आणि मीठ विरघळून संपताही कामा नये. झाकण आणि यंत्र हवाबंद पारदर्शक पिशवीत शेजारी ठेवा, मीठ यंत्राला लागू देऊ नका. ऊन किंवा पंख्याचा झोत येणार नाही अशा जागी १२ तास राहू द्या. संपृक्त मिठावरची बंद हवा २५ अंशांना ७५ टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वेळी ५ मिळवायचे, ८० दाखवत असेल तर ५ वजा करायचे. आकडा पिशवीच्या बाहेरूनच वाचा. पिशवी उघडली की तो लगेच हलायला लागतो.

ही एकाच बिंदूवरची चाचणी आहे, ३० टक्क्यांपाशी यंत्र किती खरं बोलेल ते यावरून ठरत नाही. पण दमट दिवसांत आपल्याला ६० ते ८० चाच पट्टा लागतो.

रिकामी_खुर्ची

यंत्र ठेवायचं कुठे? खिडकीत ठेवलं तर चालेल का?

मोजपट्टी

खिडकीत नको, तिथे बाहेरची आणि आतली हवा मिसळते आणि आकडा दोन्हीकडचा नसतो. खोलीत उशीच्या उंचीला, भिंतीपासून थोडं सुटं. दुसरं यंत्र असेल तर ते पुस्तकांच्या सगळ्यात खालच्या फळीवर, मागच्या बाजूला. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या दाराजवळ ठेवू नका.

प्रथमोपचार_पेटी

पाण्याबद्दल. तहान लागेल तसं पिणं हे बसून काम करणाऱ्या निरोगी माणसाला बहुधा पुरतं. उन्हात किंवा कोंदट जागी अंगमेहनत असेल तर दर १५ ते २० मिनिटांनी साधारण १ पेला, एकदम तांब्याभर नाही. लघवी फिकट पिवळी असली की ठीक, गडद झाली की पाणी कमी पडतंय. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर रंगावर विसंबू नका, त्यांनी ती गर्द पिवळी होतेच.

तासन् तास घाम गाळल्यावर किंवा जुलाब होत असतील तर नुसतं पाणी पुरत नाही, तिथे ओआरएस (जलसंजीवनी). जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये सुधारलेल्या सूत्रात १ लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असतं. सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला ७५ मिलिमोल (वजनाचं नव्हे, कणांच्या संख्येचं माप), आणि ते मुद्दाम सारखं ठेवलेलं आहे. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकाच वाटेने जोडीने आत शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग ओढलं जातं.

पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात साखर ६ चमचे आणि मीठ अर्धा चमचा. चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा, आणि सपाट. सुरीच्या पाठीने वरचा ढीग काढून टाका. सगळं बिघडतं ते इथेच: शिगोशीग भरलेल्या चमच्याने मीठ जवळजवळ दुप्पट होऊ शकतं आणि लहान मुलांच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. साखर जास्त पडली तर आतड्यात उलट पाणी खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. चवीला ते अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

पाकिटाचंही तेच. १ लिटरचं पाकीट पेल्यात थोडं थोडं टाकून पिऊ नका, सगळं एकदम १ लिटरमध्येच विरघळवा. तोंडात पूड टाकून वर पाणी पिणं तर साफ चूक.

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल, पाण्यावर मर्यादा घातलेली असेल, तर हे सगळं डॉक्टरांना विचारून.

निवांत_वाचक

साधं पाणी जास्त झालं तर काय बिघडतं? जास्तीचं लघवीवाटे निघूनच जातं ना?

प्रथमोपचार_पेटी

निघून जातं, पण वेगाला मर्यादा आहे. निरोगी मूत्रपिंडं तासाला साधारण ८०० मिलिलिटर ते १ लिटर पाणी बाहेर टाकतात. घामातून मीठ जात असताना तासन् तास त्यापेक्षा जास्त पाणी रिचवलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. मग डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेपण आणि वाढलं तर झटके. गंमत अशी की ही लक्षणं ऊन लागल्यासारखीच दिसतात आणि लोक आणखी पाणी पाजतात.

त्याच ओघात उष्माघाताचंही लिहितो. थकवा, भरपूर घाम, चक्कर आहे पण माणूस नीट बोलतोय, तोवर गार जागी आडवं करा, पाय थोडे वर, घोट घोट पाणी. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर डॉक्टर. पण बोलणं असंबद्ध झालं, झोक जायला लागला, शुद्ध हरपू लागली आणि अंग तापलेलं असेल तर तो उष्माघात समजा. शरीराच्या आतलं तापमान तेव्हा बहुधा ४० अंशांच्या वर असतं. रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत थांबू नका: कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओता, पंख्याचा झोत सोडा, मान, काख आणि जांघेत बर्फ फडक्यात गुंडाळून ठेवा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, हे खरं नाही. मेहनतीने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकतं.

पॅरासिटामॉल देऊ नका. तापात मेंदूच शरीराचं तापमान वर नेऊन ठेवतो आणि गोळी ते खाली आणते. इथे मेंदूने काही वर नेलेलं नाही, उष्णता बाहेर पडायला जागा नाही एवढंच. गोळीने उपयोग शून्य, यकृतावर ताण मात्र.

रात्रपाळी

झोपेचं मी लिहिते. झोप लागायच्या सुमारास शरीराचं आतलं तापमान उतरू लागतं आणि ती उष्णता तळहात-तळपायांच्या त्वचेतून बाहेर पडते. दमट रात्री नेमकं इथेच अडतं.

झोपायच्या ऐन आधी गार पाण्याने आंघोळ केली की पाच-दहा मिनिटं छान वाटतं, पण त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आत कोंडते. कोमट पाणी बरं, आणि तेही झोपायच्या १ ते २ तास आधी. २०१९ मध्ये आधीच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने एवढ्या वेळाआधी केलेल्या आंघोळीमुळे झोप सरासरी १० मिनिटं लवकर लागते असं आढळलं होतं. दमट खोलीत मी ४० अंशांचा आग्रह धरणार नाही, त्वचेला ऊब लागेल इतपत पुरे. आंघोळीनंतर न्हाणीघराचं दार मात्र लावून घ्या, नाहीतर सगळी वाफ शय्याघरात.

कूलरबद्दल धागाकर्त्यांशी सहमत. पाणी वाळवून गारवा देणारा कूलर कोरड्या हवेचा गडी. आर्द्रता ६५-७० च्या वर गेली की तो खोलीत बाष्पच ओततो. पंप बंद करून नुसता पंखा चालवा, टाकी रिकामी करून कोरडी ठेवा. टाकीतलं साचलेलं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण.

पंखा हवा गार करत नाही, त्वचेलगतची दमट हवा हटवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार खोली ४० अंशांच्या वर असेल तर पंखा लावू नये, उलट अंग तापतं. झोत पायांकडून धडाकडे, चेहऱ्यावर नको, रात्रभर डोळे आणि घसा कोरडा पडतो. अंगाखाली जाड फोमची गादी असेल तर वर पातळ, सुटसुटीत विणीची सुती चादर घाला, फोम उष्णता धरून ठेवतो.

एअर कंडिशनर असेल तर २६ ला ठेवून पंखा मंद लावा, आणि 'ड्राय' नावाची सोय असेल तर दमट पण फार न तापलेल्या रात्री आधी तीच वापरून पाहा.

दवबिंदू (धागाकर्ता)

रात्रपाळी, आंघोळीच्या वेळेचा मुद्दा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. खिडकीबद्दल माझी पुस्ती: बाहेरचा आणि आतला दवबिंदू काढा. बाहेरचा कमी असेल तरच खिडकी उघडल्याने खोली कोरडी होते. पहाटे बाहेर गार वाटतं म्हणून उघडली आणि दवबिंदू जास्त असेल, तर गारव्याबरोबर बाष्पही घरात घेतलं.

त्वचारक्षक

घामोळं म्हणजे घामाच्या नळ्यांची तोंडं बुजणं. त्यामुळे वर जाड क्रीम, तेल, मलम थापलं की वाढतंच. जागा गार आणि उघडी ठेवणं हाच मुख्य उपाय, खाज असेल तर कॅलामाइन. तान्ह्या बाळांना पावडर नको, उडालेली भुकटी फुप्फुसात जाते.

काखेत, जांघेत, स्तनांखाली गोल, कडा उठलेला, मधे फिका असा खाजरा चट्टा दिसला तर ते घामोळं नाही, नायटा. त्याला क्लोट्रिमॅझोलसारखं बुरशीविरोधी मलम, दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत. चट्टा दिसेनासा झाला तरी लगेच थांबवू नका, लवकर थांबवणं हेच नायटा परत येण्याचं नेहमीचं कारण. आणि स्टेरॉइड मिसळलेलं मलम चुकूनही नको. खाज दोन दिवसांत जाते, लाली उतरते, आत बुरशी मात्र पसरत राहते, आणि मग डॉक्टरांनाही चट्टा ओळखता येत नाही. नळीवरच्या घटकांत क्लोबेटासोल, बीटामेथासोन असं नाव दिसलं की खाली ठेवा. अंगाच्या घड्या टॉवेलने घासू नका, टिपून कोरड्या करा.

सनस्क्रीनबद्दल एवढंच की एसपीएफचा आकडा चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम जाडीवर मोजलेला असतो. लोक बहुधा त्याच्या निम्म्यापेक्षा कमी लावतात. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, बाहेर असाल तर दर २ तासांनी पुन्हा. घाम पुसला की तेही पुसलं गेलं.

कपाटकर

आता पुस्तकं. कागदाला ३५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ६५ च्या वर बराच काळ राहिली की बुरशी धरते, आणि त्यातही हलत्या हवेपेक्षा साचलेल्या हवेत लवकर. म्हणून कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, ५ सेंटिमीटर तरी फट, विशेषतः बाहेरच्या भिंतीपाशी. सगळ्यात खालची फळी जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर. पुस्तकं इतकी गच्च नकोत की एक ओढताना शेजारचं सरकेल. ओढतानाही कण्याच्या वरच्या टोकाला बोट अडकवून ओढू नका, शेजारची दोन मागे ढकला आणि मधलं कण्याच्या मध्यावर धरून काढा.

बुरशी दिसलीच तर घाईने फडक्याने पुसू नका, ठिपका कागदात घासला जातो. पुस्तक पिशवीत घालून इतरांपासून वेगळं करा. दोन दिवस कोरड्या, हवेशीर सावलीत पानं किंचित उघडी करून ठेवा. बुरशी ओली असते तेव्हा चिकट, वाळली की भुकटीसारखी सुटते. मग घराबाहेर, वाऱ्याकडे पाठ करून, एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून मऊ कुंच्याने कण्याकडून कडेकडे झाडा. कुंचा नंतर साबणाने धुवा. डाग राहील, तो घालवायच्या फंदात पडू नका. ब्लीच कागदाचा जीव घेतं आणि कडक उन्हात ठेवल्याने पानं पिवळी आणि ठिसूळ होतात.

कसर किंवा वाळवीसदृश किडे असतील तर पुस्तक दोन प्लास्टिक पिशव्यांत हवा दाबून काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीपफ्रीजरमध्ये २ आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर दव थेट पानांवर बसतं. चामडी बांधणी किंवा छायाचित्रांचे आल्बम असतील तर हा प्रयोग घरी करू नका. थंडीने किडे आणि अंडी मरतात, बुरशीचे बीजकण मरत नाहीत, हे लक्षात असू द्या.

डांबरगोळ्या पुस्तकांत नकोतच. नॅफ्थलीनची वाफ श्वासाला चांगली नाही, जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या माणसाच्या, विशेषतः बाळाच्या, तांबड्या रक्तपेशी तिने फुटू शकतात, आणि वास वर्षानुवर्षं जात नाही. सिलिका जेल बंद डब्यात उपयोगी, उघड्या कपाटात नाही, ते खोलीभरच्या बाष्पाशी किती लढणार? निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते टाळून नारिंगी घ्या. रंग पालटला की पुडक्यावर लिहिलेल्या तापमानाला ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापरा.

रिकामी_खुर्ची

पुस्तकावर पाणी सांडलं तर?

कपाटकर

बंद असेल तसंच धरून पाणी निथळू द्या, ओली पानं सुटी करायला जाऊ नका, फाटतात. मग दर १५-२० पानांनंतर छपाई नसलेला टिपकागद किंवा स्वयंपाकघरातला कोरा पेपर टॉवेल घाला, एकूण जाडी पुस्तकाच्या एक तृतीयांशापेक्षा वाढू देऊ नका, नाहीतर कणा फाकतो. कागद ओलसर झाला की बदला. पंखा खोलीत फिरता असू द्या, थेट पुस्तकावर नाही. केस वाळवायचं यंत्र नको. थोडी दमट उरली की दोन फळ्यांमध्ये वजनाखाली सपाट करा.

गुळगुळीत चकचकीत कागद असेल तर मात्र ओलेपणीच पानं वेगळी व्हायला हवीत, वाळल्यावर विटेसारखी एकजीव होतात. दमट हवेत ४८ तासांत बुरशी सुरू होऊ शकते. तेवढ्यात जमणार नसेल तर पुस्तक पिशवीत घालून गोठवा आणि सवडीने एकेक वाळवा.

पानखूण

मधेच एक. उन्हात उभ्या गाडीत पुस्तक ठेवू नका. नुसत्या गोंदाने बांधलेल्या पेपरबॅकचा गोंद तापून मऊ पडतो आणि पानं सुटी होतात. ई-वाचकाचंही तेच, बहुतेकांची वापराची मर्यादा ३५ अंशांपर्यंत असते. आणि वातानुकूलित खोलीतून यंत्र थेट दमट बाहेर नेलं की काचेवर दव धरतं, पिशवीतच दहा-पंधरा मिनिटं राहू द्या.

आता वाचायचं काय. मला पुस्तकाच्या जाडीपेक्षा त्याचा तुकडा किती मोठा हे महत्त्वाचं वाटतं. दमट दुपारी लक्ष २०-२५ मिनिटांच्या वर टिकत नाही असं गृहीत धरून निवडा. मिनिटाला २०० शब्द या वेगाने तेवढ्यात ४ ते ५ हजार शब्द होतात. बेताची कथा किंवा मोठा ललित लेख बरोबर बसतो. ३० हजार शब्दांचं प्रकरण बसत नाही. म्हणून दुपारी कथासंग्रह, पत्रव्यवहार, रोजनिश्या, स्फुट निबंध. ध्रुवप्रदेशाच्या मोहिमांच्या रोजनिश्या तर या मोसमासाठीच लिहिल्यात की काय असं वाटतं, नोंदी छोट्या आणि बर्फ पानोपानी.

जाडजूड कादंबरी पहाटे. ९० हजार शब्दांची कादंबरी २०० च्या वेगाने साडेसात तासांची, म्हणजे रोज पाऊण तास दिला तर १० दिवसांची. पात्रं खूप असतील तर पहिल्या ५० पानांत नावं आणि नाती एका चिठ्ठीवर लिहून तीच खूण म्हणून वापरा. दमट दिवसांत लोक कादंबरी सोडतात ती बहुधा कंटाळून नाही, दोन दिवस खंड पडल्यावर कोण कोणाचा कोण हे विसरून.

रहस्यकथा रात्री उशिरा नको. प्रकरणाचा शेवट मुद्दाम अडकवणारा असतो, झोपेचं खोबरं होतं. रात्री आधी वाचलेलं पुस्तक बरं, किंवा कविता.

निवांत_वाचक

+१ पुनर्वाचनाला. उकाड्यात नवीन कथानक डोक्यात शिरत नाही, ओळखीच्या पुस्तकात भाषा बघायला सवड मिळते. रहस्यकथेबद्दल मात्र असहमत, रात्रीसाठीच असते ती!

रात्रपाळी

असहमती मान्य, पण मग गजर लावून वाचा. आणि डोळ्यांसाठी: पडद्यावर वाचताना पापण्या कमी मिटतात, त्यात पंख्याचा झोत असला की डोळे चुरचुरतात. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांवर बघा आणि पापण्या पूर्ण मिटा. दिवा मागून, खांद्यावरून यावा. पडदा समोरच्या भिंतीपेक्षा फार उजळ नको.

रिकामी_खुर्ची

कपाटकर, बंद काचेच्या कपाटात यंत्र ६८ दाखवतंय, खोलीत ६०, तापमान दोन्हीकडे २९. दारं उघडी ठेवू का?

कपाटकर

हो. तापमान सारखंच आहे म्हणजे थेट टक्के ताडता येतात, आतली हवा जास्त ओली आहे. खोली ६० च्या खाली असेल त्या वेळात दारं उघडा, पंखा मंद लावा, झोत पुस्तकांच्या कण्यांवर नको. खोली ६५ च्या वर गेली की दारं बंद. दोन-तीन दिवसांत आतला आकडा उतरला नाही तर ओल भिंतीतून येतेय, तेव्हा कपाट पुढे ओढून मागची फळी हाताने चाचपा. गार आणि ओलसर लागली तर पुस्तकं आधी दुसरीकडे हलवा, गळती नंतर शोधा.